आय क्रीम खरंच लागते का? लातूरच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरात गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर आमचं मेडिकल आहे. तापाची गोळी मागायला माणूस सरळ येतं. आय क्रीम मागायला आलेलं माणूस आधी इकडं-तिकडं बघतं, गर्दी सरली की काउंटरवर वाकतं, डोळ्याखाली बोट ठेवतं आणि हळूच म्हणतं, "ताई, हे लई काळं व्हायलंय, काही आहे का?" काळं का व्हायलंय ते फार कमी जण विचारतात. मोबाइलवर बघितलेल्या ट्यूबचं नाव मात्र तोंडपाठ असतं.

हे प्रश्न इतके वाढले की मी ते एका वहीत उतरवून ठेवायला लागले. तीच वही इथं मांडतेय. मी फार्मासिस्ट आहे, त्वचारोगतज्ज्ञ नाही. त्यामुळं जिथं डॉक्टर गाठायला हवा तिथं तसंच सांगितलंय.

आय क्रीम म्हणजे नेमकं काय?

डोळ्याभोवतीच्या नाजूक कातडीला सोसेल असं बनवलेलं मॉइश्चरायझर. मुळात एवढंच. त्यात कुणी कॅफीन घालतं, कुणी रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चाच एक प्रकार), कुणी व्हिटॅमिन सी, आणि मग खोक्यावरची भाषा बदलते.

खोकं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडं १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे. त्यात सौंदर्यप्रसाधनाचं काम स्वच्छ करणं, सुंदर दिसायला मदत करणं, रूप बदलणं इथपर्यंतच सांगितलंय. आजार बरा करणं हे औषधाचं काम. म्हणून चांगल्या कंपनीच्या खोक्यावर "काळेपणा कमी दिसायला मदत" असं लिहिलेलं सापडेल, "काळेपणा बरा होतो" असं नाही. तो "दिसायला" शब्द उगीच आलेला नसतो.

तोंडाला लावतो तीच क्रीम डोळ्याखाली लावली तर काय बिघडतं?

बऱ्याचदा काहीच नाही. मी हे काउंटरवर बोलले की माझे मिस्टर गल्ल्यावरून माझ्याकडं बघतात, पण खरं ते खरं.

आधी कातडीचं सांगते. पापणीची कातडी अख्ख्या अंगात सगळ्यात पातळ, साधारण अर्धा मिलिमीटर. तिथं तेल सोडणाऱ्या ग्रंथीही गालाच्या किंवा नाकाच्या मानानं फार थोड्या. आणि काम मात्र अखंड: मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटते, शिवाय हसणं, रडणं, उन्हात डोळे बारीक करणं वेगळंच. म्हणून तिथं कोरडेपणा आणि बारीक रेषा आधी दिसतात, आणि तिखट, वासाचं काही लागलं तर आग पण आधी तिथंच होते.

तुमचं तोंडाचं मॉइश्चरायझर साधं असेल, त्यात सुगंध नसेल आणि ग्लिसरीन, सिरॅमाइडसारखे घटक असतील, तर ते डोळ्याखाली बिनधास्त लावा. मुरुमांची क्रीम, गोरं करणारी क्रीम, ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक ॲसिडवाली क्रीम मात्र डोळ्यापासून लांब.

आता हिशेब करा. समजा १५ मिलीची आय क्रीम ६०० रुपयांना आहे. म्हणजे मिलीला ४० रुपये. १०० ग्रॅमचं साधं मॉइश्चरायझर ४०० रुपयांना. म्हणजे ग्रॅमला ४ रुपये. दहापट फरक. त्या दहापटीत कधी खरोखर वेगळा घटक असतो, कधी नुसती छोटी सुबक डबी. कुठली कोणती हे ओळखायचं कसं, ते घटकांच्या प्रश्नात खाली सांगितलंय.

मग फायदा कुणाला आणि कसला?

कोरड्या कातडीला सगळ्यात जास्त. आपल्याकडं मार्चपासून जी हवा सुटते ती ओठ, टाचा आणि डोळ्याखालचा भाग एकदमच फोडायला लागते. कातडी सुकली की बारीक सुरकुत्या आहेत त्यापेक्षा खोल दिसतात. तिथं ओलावा गेला की पंधरा मिनिटांत फरक दिसतो. ही जादू नव्हे. सुकलेली कातडी फुगून थोडी वर आली, एवढंच. लग्नाच्या मेकअपखाली लावली तर कन्सीलर, म्हणजे काळं झाकायचा मेकअप, भेगाळत नाही, हाही फायदा आहे आणि ब्यूटिशियन मंडळी तो पुरेपूर वापरतात.

रेटिनॉलवाली क्रीम महिनोन् महिने लावली तर बारीक रेषा थोड्या भरतात. कॅफीनवाली सकाळची सूज काही तास उतरवते. सनस्क्रीन असलेली क्रीम आहे ते काळं आणखी वाढू देत नाही. यापलीकडं कुणी सांगत असेल तर त्याला आधी बिल मागा.

डोळ्याखालचं काळं आय क्रीमनं जातं का?

वहीत सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला प्रश्न हाच. उत्तर तुमचं काळं कुठल्या जातीचं आहे त्यावर आहे, म्हणून आधी ते बघू. हातात छोटा आरसा घ्या आणि दिवसा खिडकीपाशी उभं राहा. ट्यूबलाइटखाली नको, तिच्याखाली सगळेच आजारी दिसतात.

एका बोटानं डोळ्याखालची कातडी हलकेच खाली-बाजूला ताणा. तपकिरी रंग आहे तसाच राहिला तर तो कातडीतलाच रंग. आपल्याकडं हा प्रकार फार, आणि बऱ्याच घरांत तो आजीपासून चालत आलेला असतो. आईच्या, मामाच्या डोळ्याकडं बघा, उत्तर तिथंच मिळेल. ऊन आणि डोळे चोळणं यांनी तो वाढतो. नायासिनामाइड, व्हिटॅमिन सी, सनस्क्रीन यांनी तो थोडा फिका होतो, पुसला जात नाही.

ताणल्यावर निळसर-जांभळी छटा उलट जास्त दिसायला लागली, तर कातडीखालच्या रक्तवाहिन्या दिसतायत. पातळ कातडीतून निळं दिसणारच. इथं कॅफीन थोडा वेळ मदत करतं. झोप, सर्दी, ॲलर्जी यांनुसार हा रंग रोज बदलतो.

तिसरी जात म्हणजे सावली. आता मान वर करून तोंडावर समोरून उजेड घ्या. काळं गायब झालं? मग तो रंग नाहीच. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडं उतरणारी खोबण आहे, आणि तिच्यात सावली पडते. वय वाढलं, वजन झपाट्यानं उतरलं की ही खोबण खोल होते. जगातली कुठलीच क्रीम खड्डा बुजवत नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ फिलरची सुई देतात. ती महाग असते, आणि चुकीच्या हातानं रक्तवाहिनीत गेली तर क्वचित नजरसुद्धा जाते. म्हणून पार्लरमध्ये कुणी स्वस्तात सांगितली तर चप्पल घालून निघायचं.

बहुतेकांच्यात दोन-तीन जाती एकत्र असतात. पण ताणून बघितल्याशिवाय ट्यूब घ्यायला आलात तर मी काउंटरवरचा आरसा पुढं करते, हे सांगून ठेवते.

रक्त कमी असल्यामुळं काळं होतं का?

रक्त कमी असलं की चेहरा फिका पडतो, आणि फिक्या चेहऱ्यावर डोळ्याखालचं निळं-काळं उठून दिसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. म्हणजे माझ्या काउंटरसमोर दोघी उभ्या असतील तर एकीचं हिमोग्लोबिन कमी असण्याची शक्यता मोठी.

एकदा एक बाई ऊसतोडीवरून परतून आल्या होत्या. चौदा-पंधरा तास उभ्यानं काम, दोन वेळा भाकरी-चटणी, आणि मागायला काय आल्या होत्या तर जाहिरातीतली क्रीम. मी त्यांची खालची पापणी जरा ओढून बघितली. आत लाल दिसायला हवं तिथं पांढुरकं. त्यांना म्हटलं, "मावशी, क्रीम राहू द्या, आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासा." बाईचं हिमोग्लोबिन, त्या गरोदर नसतील तर, १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात.

लोहाच्या गोळ्या चालू झाल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नका. जेवणावर लगेच चहा घेण्याची आपली सवयही लोह अंगी लागू देत नाही. तासभर तरी थांबा. लिंबू पिळलेलं जेवण मात्र चांगलं. लिंबू पोटात जाऊ द्या, डोळ्याखाली नको. त्याचं पुढं येईलच.

मुलगा नीटची तयारी करतोय, रात्री दोनपर्यंत जागतो. त्याला कुठली क्रीम देऊ?

झोप द्या.

ट्यूशन एरियातल्या पोरापोरींचे डोळे बघून मला दरवर्षी एप्रिल आलेला कळतो. जागरणानं कातडी निस्तेज होते, रक्तवाहिन्या फुगतात, सूज आणि सावली दोन्ही वाढतात. परीक्षा झाली, पोरगं गावी जाऊन आठ दिवस झोपलं की निम्मं काळं आपोआप उतरतं. तोवर हवं तर साधं मॉइश्चरायझर. सोळा-सतरा वर्षांच्या लेकराला रेटिनॉलची आय क्रीम घेऊन देऊ नका. त्याला ना सुरकुत्या आहेत ना वेळ.

डोळ्याला सारखी खाज सुटते, चोळून चोळून काळं झालंय. क्रीम चालेल?

आधी खाज, मग क्रीम. चोळल्यानं कातडी जाड आणि काळी होत जाते. लेकरं जोरात आणि वर्षानुवर्षं डोळे चोळत राहिली तर बुबुळाचा आकार शंकूसारखा होण्याचा धोका असतो, म्हणून हे नुसतं दिसण्यापुरतं नाही.

खाजेचं मूळ शोधताना मी तीन गोष्टी विचारतेच. पहिली, शेतात जाता का? बांधावर, पडीक रानात, रस्त्याकडेला जे पांढऱ्या बारीक फुलांचं गाजर गवत माजलेलं असतं, तेच काँग्रेस गवत, ते १९५५ साली पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि आज मराठवाड्यातला एक बांध त्याच्याविना नाही. त्याचे सुकलेले कण हवेतून येऊन उघड्या अंगावर बसतात आणि काहींना ॲलर्जी होते. ती कुठं दिसते? पापण्यांवर, मानेच्या घड्यांत, कोपराच्या आतल्या बाजूला. सोयाबीन काढणीच्या दिवसांत पापण्या जाड, खरखरीत आणि काळपट झालेली माणसं आमच्याकडं येतात आणि "धूळ बसली" म्हणतात. धूळ नसते ती. त्यांना मी आय क्रीम देत नाही, सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडं पाठवते. लातूर, अंबाजोगाई, नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, कुठंही त्वचारोग विभागाची ओपीडी असते.

दुसरी गोष्ट, केसांना काय लावलं? काळी मेहंदी म्हणून जी मिळते तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं. लावतो डोक्याला आणि सुजतात पापण्या, कारण पातळ कातडी आधी बोलते. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात डोळे सुजून आलेल्यांना मी पहिला प्रश्न हाच करते. तिसरी, नेलपॉलिश. नखावर काहीच होत नाही, पण त्याच बोटानं डोळा चोळला की पापणी लाल होते. हे कुणालाच पटत नाही. महिनाभर नेलपॉलिश बंद करून बघितलं की पटतं.

सकाळी उठल्यावर डोळ्याखाली फुगलेलं असतं, दुपारपर्यंत उतरतं. हे काय?

आडवं झोपल्यावर अंगातलं पाणी तोंडाकडं सरकतं आणि डोळ्याखालच्या सैल जागेत साचतं. रात्री पापड, लोणचं, खारे शेंगदाणे झाले असतील तर जास्त. उशी थोडी उंच घ्या, रात्रीचं मीठ कमी करा. सकाळी चमचा फ्रिजमध्ये गार करून दोन मिनिटं टेकवा. कॅफीनवाली क्रीम रक्तवाहिन्या आकसून हेच काम करते, चमचा फुकट करतो.

दोन्ही डोळे रोज सुजत असतील, सोबत पाय सुजत असतील, लघवीला फेस येत असेल किंवा वजन विनाकारण वाढत असेल, तर मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासून घ्या. एकच डोळा सुजून लाल झाला, दुखतोय, ताप आहे, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि वयानुसार खालच्या पापणीतली चरबी पुढं येऊन पिशवी झाली असेल तर ती दुपारीही उतरत नाही. तिला शस्त्रक्रियाच लागते.

घटकांच्या यादीत काय बघायचं?

यादी बारीक अक्षरात असते, मोबाइलनं फोटो काढून मोठी करून वाचा. जो घटक जास्त तो आधी, असा क्रम असतो. म्हणून पुढं मोठ्या अक्षरात "केशर" आणि मागं यादीत ते अगदी तळाला, हा खेळ कळतो.

ग्लिसरीन, हायल्युरॉनिक ॲसिड पाणी धरतात. आपल्या कोरड्या हवेत हायल्युरॉनिक ॲसिड तोंड ओलं असतानाच लावा आणि वर क्रीमचा थर द्या, नाहीतर उलट ओढल्यासारखं वाटतं. सिरॅमाइड कातडीची भिंत सांधतात. पेट्रोलियम जेली ओलावा उडू देत नाही. तिच्याइतकं स्वस्त आणि तिच्याइतकं इमानदार दुसरं काही आमच्या फळीवर नाही. नायासिनामाइड रंग थोडा उजळतं आणि सहसा कुणाला त्रास देत नाही. पेप्टाइडचं नाव मोठं आणि किंमत त्याहून मोठी, फरक मात्र बेताचा.

रेटिनॉलबद्दल जरा सविस्तर. सुरकुत्यांवर खरोखर काम करणारा घटक हाच, आणि सगळ्यात जास्त आग करणाराही हाच. आठवड्यातून दोन रात्री, तेही डोळ्याखालच्या हाडावरच लावा. पापणीवर नको, पापण्यांच्या केसांजवळ तर नकोच. डोळे कोरडे पडू शकतात. पंधरा दिवस सोसलं तर एक रात्र वाढवा. सोलायला लागलं तर थांबा.

सुगंध असलेली क्रीम माझ्या मते डोळ्यासाठी घेऊच नये. डोळ्याला वासाशी काय करायचंय?

किती आणि कशी लावायची?

दोन्ही डोळ्यांना मिळून तुरीच्या एका दाण्याएवढी. एवढ्या मापानं दोन वेळा लावली तर १५ मिलीची ट्यूब दोन-अडीच महिने जाते. पंधरा दिवसांत संपत असेल तर तुम्ही ती गालालाही लावताय.

अंगठीच्या बोटावर घ्या, त्या बोटाचा जोर सगळ्यात कमी. डोळ्याभोवती जे हाड हाताला लागतं त्याच्यावर ठिपके द्या आणि हलकं टेकवत पसरवा, ओढू नका. ती डोळ्याकडं आपोआप थोडी सरकतेच, म्हणून अगदी कडेपर्यंत नेऊ नका. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर आधी लेन्स, मग क्रीम. मोतीबिंदूचं किंवा चष्म्याचा नंबर घालवायचं ऑपरेशन झालं असेल तर डोळ्याचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत काहीच लावू नका.

किती दिवसांत फरक दिसतो?

कोरडेपणा त्याच दिवशी. रंगावर किंवा रेषांवर काम करणारी क्रीम असेल तर दोन-तीन महिने, आणि तेही रोज लावली तर. आठ दिवसांत काळं गेल्याचं दिसलं तर खूश होऊ नका, पुढचा प्रश्न वाचा.

पार्लरमधून आणलेली बिननावाची क्रीम लावली, आठवड्यात गोरं झालं. तीच चालू ठेवू का?

नाही. आजच्या आज बंद करून डॉक्टरांना दाखवा.

मी हे एवढं ठामपणे का सांगते, ते ऐका. बारावीला असताना घरात लग्न होतं. ओळखीच्या एकीनं पांढरी डबी दिली. तिच्यावर ना नाव, ना घटक, ना तारीख. रात्री डोळ्याखाली लावायची. पाच-सहा दिवसांत काळं असं उतरलं की मावश्या-आत्या सगळ्या डबीच्या मागं लागल्या. लग्न झालं, डबी संपली, आणि आठवड्यात डोळ्याभोवती दोन लाल वर्तुळं उठली. पाणी लागलं तरी आग. उन्हात गेलं की डोळे उघडवत नव्हते. डॉक्टरांनी कातडीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, स्टेरॉइड आहे. पातळ कातडी आणखी पातळ झाली होती. आतल्या बारीक लाल रेघा आजही खिडकीच्या उजेडात दिसतात. फार्मसीला मी पुढं गेले त्याला ती डबी थोडी तरी कारण आहेच.

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं असलेली कुठलीही ट्यूब म्हणजे स्टेरॉइड. खाज, एक्झिमा यांवर ती उत्तम औषधं आहेत, डॉक्टरांनी दिली तर आणि दिली तेवढेच दिवस. डोळ्याजवळ महिनोन् महिने लावली तर कातडी झिजते, डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. २०१८ साली सरकारनं अशा बऱ्याच क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. ट्यूबवर लाल उभी रेघ बघा. तरी गिऱ्हाईक येतंच, "ती नेहमीची ट्यूब द्या हो ताई, सगळीकडं मिळते." आमच्याकडं मिळत नाही म्हटलं की रागानं निघून जातं. त्यांच्या त्या रागाचं मला वाईट वाटत नाही.

बिननावाच्या गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारासुद्धा सापडतो, आणि पारा कातडीवाटे आत जाऊन मूत्रपिंड बिघडवतो.

स्कार्फ बांधते, तरी सनस्क्रीन लागतं का?

स्कूटीवर निघालेली आपल्याकडची कुठलीही मुलगी बघा. कपाळ झाकलेलं, गाल झाकलेले, नाक, मान, हातमोजे, सगळं बंदोबस्तात. उघडं काय? डोळे आणि डोळ्याभोवतीची अर्धा मिलिमीटर कातडी. मेच्या ४२-४३ अंशांत सगळं ऊन नेमकं तिथं. वर डांबरी रस्त्याची झळ, आणि डोळे बारीक केल्यानं पडणाऱ्या रेषा.

गॉगल घाला, मोठा, बाजूनं झाकणारा, अतिनील किरणं अडवतो असं लिहिलेला. नुसती काळी काच असलेला स्वस्त गॉगल नको. अंधारामुळं बाहुली मोठी होते आणि किरणं आत जास्त जातात. सनस्क्रीन डोळ्यात झोंबत असेल तर झिंक ऑक्साइडवालं घ्या, शक्यतो स्टिकच्या रूपात, म्हणजे घामाबरोबर ओघळत नाही. तपकिरी काळेपणावर मला विचाराल तर गॉगल आणि सनस्क्रीन आधी, आय क्रीम नंतर. पैसे एकाचेच असतील तर आय क्रीम सोडा.

लिंबू, बटाटा, काकडी, हळद, तूप?

लिंबू अजिबात नाही, त्याचं आम्ल त्या कातडीला भाजतं. हळदीनं पिवळं होतं, आणि लिंबाबरोबर लावली तर आगही. काकडी आणि बटाटा गार असतात म्हणून सूज उतरते, रंगावर त्यांचं काही चालत नाही. काकडी खाल्लेली बरी. साजूक तूप किंवा खोबरेल रात्री बोटाच्या टोकावर घेऊन लावलं तर ओलावा टिकतो. ज्यांना मुरुमं किंवा पांढरे बारीक दाणे येतात त्यांनी टाळा.

काजळामुळं काळं होतं का?

रात्री न पुसता झोपलात तर ते खाली उतरून बारीक रेषांत बसतं, आणि सकाळी घासून काढताना चोळलं जातं ते वेगळं. कापसावर दोन थेंब खोबरेल घ्या, डोळा मिटून दहा सेकंद टेकवा, मग पुसा. सुरम्यापासून मात्र लांब राहा, पुष्कळ सुरम्यांत शिसं असतं. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात तर काजळही नको. आजीची नाराजी पत्करा, दृष्ट लागू नये म्हणून तीट गालाला किंवा तळपायाला लावा.

गरोदर आहे. आय क्रीम चालते?

साधी चालते. रेटिनॉल, रेटिनाल, ट्रेटिनॉइन यांपैकी काही असेल तर नाही. मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असतील तरी नाही.

पुरुषांनी लावली तर?

कातडीला काय माहीत.

डोळ्याच्या कोपऱ्यात पिवळसर चट्टे आलेत, क्रीमनं जातील?

नाहीत. आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूनं, मऊ पिवळा चट्टा असेल तर आधी कोलेस्टेरॉल तपासा. अशा साधारण निम्म्या लोकांच्या रक्तातली चरबी वाढलेली निघते. बारीक, पांढरे, कडक दाणे वेगळे, ते निरुपद्रवी असतात. त्यांना सुईनं टोकरू नका आणि जाड क्रीम थांबवा.

आईच्या दोन्ही डोळ्यांभोवती सहा महिन्यांत एकदम काळं झालंय. वय ६८.

काचबिंदूचे थेंब चालू आहेत का, हे मी पहिलं विचारेन. बायमॅटोप्रोस्ट, लॅटॅनोप्रोस्ट या औषधांनी पापण्या काळवंडतात, डोळे खोल गेल्यासारखे दिसतात, पापण्यांचे केस लांब होतात. घरचे म्हणतात, आईनं जीवाला लावून घेतलंय. पण म्हणून थेंब मनानं बंद करू नका, नजर जाईल आणि गेलेली परत येत नाही. थेंब टाकल्यावर बाहेर ओघळलेलं लगेच पुसा, आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना दाखवा.

उन्हाळ्यात ट्यूब कुठं ठेवू? पत्र्याचं घर आहे.

पत्र्याच्या घरात दुपारी क्रीम पातळ होते, पाणी-तेल फुटतं, व्हिटॅमिन सी तर तपकिरी होऊन कामातून जातं. फ्रिज असेल तर दारात ठेवा, नसेल तर माठाच्या मागं सावलीत. डबीपेक्षा ट्यूब घ्या, डबीत रोज बोट जातं. मागच्या बाजूला उघड्या झाकणाचं चित्र, त्यात ६ किंवा १२ असा आकडा असतो. उघडल्यापासून तेवढे महिने, मग फेकायची. छापलेली मुदत वेगळी, ती न उघडलेल्या ट्यूबची.

ताई, तुम्ही स्वतः काय लावता?

दिवसा झिंकवालं सनस्क्रीन आणि गॉगल. रात्री तोंडाचंच बिनवासाचं मॉइश्चरायझर, हिवाळ्यात वर पेट्रोलियम जेलीचा पुसट थर. रेटिनॉल दोनदा करून बघितलं. त्या जुन्या डबीनं झिजलेली कातडी ते सोसत नाही, सोडून दिलं. कन्सीलर लग्नाकार्यापुरतं.

आणि डोळ्याखालचं काळं आहे अजून. ते माझ्या आईकडून आलंय, तिला तिच्या आईकडून. परवा एक मुलगी म्हणाली, "ताई, तुमचंच गेलं नाही, तर आमचं काय जाणार?" मी तिच्यापुढं आरसा सरकवला आणि म्हटलं, खिडकीकडं वळ, ताणून बघ.